दुसरा स्वल्पविराम

नामाच्या शेजारी त्याच व्यक्तीची ओळख सांगणारं दुसरं नाम बसवायचं. शिकवणीत याला ‘नाउन इन अपोझिशन’ म्हणतात. ‘खांडेकर, अ मराठी नॉव्हेलिस्ट, लिव्ह्ड इन कोल्हापूर.’ मधला तुकडा काढला तरी वाक्याचं काही बिघडत नाही.

*

पहिला स्वल्पविराम पोरं न चुकता देतात. दुसरा गळतो. मग खांडेकर एकटे पडतात आणि कोल्हापुरात राहतो तो कुणी भलताच नॉव्हेलिस्ट.

*

दुसराच का गळत असावा? मराठीत आपण लिहितो, ‘करवीरचे अधिपती शाहू महाराज यांनी २६ जुलै १९०२ रोजी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या.’ ओळख संपली, वाक्य पुढे चाललं, हे ‘यांनी’ सांगून टाकतो. विभक्तीही तोच अंगावर घेतो. इंग्रजीत असा ‘यांनी’ नाही. ते काम दुसऱ्या स्वल्पविरामाचं.

*

‘खांडेकर्स नॉव्हेल ययाति’ यात स्वल्पविराम नकोत. कादंबऱ्या अनेक, त्यातली कुठली ते नावानंच कळतं. ‘ययाति’च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिले, की खांडेकरांनी जन्मात एकच कादंबरी लिहिली असा अर्थ. ‘उल्का’, ‘क्रौंचवध’, ‘अमृतवेल’ बाद!

उलट ‘हिज अकादमी-विनिंग नॉव्हेल, ययाति,’ इथे ते हवेतच. साहित्य अकादमीचा पुरस्कार (१९६०) मिळालेली त्यांची कादंबरी ती एकच.

थोडक्यात, नाव घेण्याआधीच वस्तू नक्की झाली असेल तर स्वल्पविराम. नावामुळे नक्की होत असेल तर नाही.

*

‘खांडेकर, हू वॉज अ टीचर ॲट शिरोडा,’ यातलं ‘हू वॉज’ गाळा, अपोझिशन तयार. ‘हू टॉट ॲट शिरोडा’ मधलं नुसतं ‘हू’ गाळून भागत नाही. मागे उरतं ते क्रियापद, आणि इथे लागतं नाम.

*

गंगाराम कांबळ्यांना शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली. अस्पृश्याच्या हातचा चहा लोकांनी प्यावा म्हणून स्वतः तिथं जाऊन चहा घेतला. हे इंग्रजीत लिहू: ‘शाहू महाराज, द रूलर ऑफ कोल्हापूर, अँड गंगाराम कांबळे.’ माणसं किती? दोन की तीन? ‘द रूलर’ हा वेगळा कुणी असेल, अशी शंका घ्यायला जागा आहे. अशा वेळी स्वल्पविराम काढून डॅश घालावेत, नाहीतर ओळख शेवटी न्यावी: ‘गंगाराम कांबळे अँड शाहू महाराज, द रूलर ऑफ कोल्हापूर’. कप दोनच लागतील.