शुद्धीत असताना

बाबांना फादरांनी तेल लावलं ते त्यांची शुद्ध हरपल्यावर. याला बरीच वर्षं झाली, तरी मला अजून राग येतो.

आमचं घर वसईतलं, रोज रात्री रोझरी म्हणणारं. कॅन्सर यकृतापर्यंत पोहोचल्यावर बाबांनी स्वतःच सांगितलं, "फादरांना बोलवा." त्यावर काका म्हणाले, "एवढ्यात कशाला? तेल लावलं की माणूस धीर सोडतो." आत्याचंही तेच मत. आई गप्प. मी लग्न होऊन गेलेली लेक, माझं कोण ऐकणार? बाबांनी पुन्हा विचारलं तेव्हा काकांनी सांगितलं, फादर बाहेरगावी गेलेत. फादर चर्चमध्येच होते! मरणाच्या दारातल्या माणसाशी काका खोटं बोलले, तेही मायेपोटी! शेवटी फादर आले, कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. प्रार्थनेला 'आमेन' आम्ही म्हणालो. बाबांना पापनिवेदन करायचं होतं, ख्रिस्तप्रसाद घ्यायचा होता. दोन्ही राहिलं.

पुढे एका उपवासकाळात आमच्या चर्चमध्ये प्रौढांसाठी श्रद्धावर्ग भरला. तिथे कळलं की तेल लावण्याचा हा संस्कार फक्त मरणाऱ्यांसाठी नाही, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 सालीच लिहून ठेवलंय. 1972 साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधीही नव्यानं ठरवून दिला. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनआधी, म्हातारपणी शरीर खचल्यावर तो घेता येतो. दुखणं बळावलं तर पुन्हाही घेता येतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्यानंच मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं असं आहे. बाबांनी नेमकं तेच केलं होतं.

हे आम्हाला आधी का कुणी सांगितलं नाही? दृढीकरण झालं की आमचं धर्मशिक्षण संपतं. मग लग्नाआधीचा कोर्स, की झालं. शाळकरी वयात पाठ केलेल्या उत्तरांवर माणसानं आजारपण, म्हातारपण, मरण कसं निभवायचं? मोठ्यांचे वर्ग प्रत्येक धर्मग्रामात बारमाही हवेत, आणि नवऱ्यांनीही त्यांना यायला हवं. तिथे बसतो तो आम्हा बायकांचाच घोळका.

मागच्या वर्षी आत्याची बायपास ठरली. फादरांना मीच बोलावलं. त्यांनी तेलाची डबी उघडली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. वाटलं, आता ही जाणार. एवढं शिकूनही! आत्या मात्र शांत होती. प्रत्येक 'आमेन' तिनं खणखणीत म्हटलं. ती बरी होऊन घरी आली, पण नसती आली तरी मी बोलावलंच असतं.

समजलं की भीती जाते, असं मी वर्गात ठासून सांगायची. आता तसं सांगवत नाही. काकांची भीती मला कळते. पण फादर बाहेरगावी गेलेत हे त्यांचं वाक्य मी अजून माफ केलेलं नाही, आणि हे मी पापनिवेदनातही सांगितलंय.