प्लेगच्या झोपडीत

आमच्या घराला प्लेगपेक्षा विटाळाची भीती जास्त होती. लोक म्हणतात, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या. पण या एका गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि आता सत्तरी ओलांडल्यावर तो जाईल असं वाटतही नाही.

टिळक 1914 साली मंडालेहून सुटून आले, त्याच्या पुढच्या वर्षीची ही हकिगत. वाड्यात उंदीर पडले की बाडबिस्तरा आवरून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जायचं, हे पुण्याच्या अंगवळणी पडलं होतं. आम्ही एरंडवण्याच्या बाजूला तट्ट्यांच्या झोपडीत राहिलो. वाड्यात माजघराच्या पुढे मुलीने यायचं नाही असा दंडक होता, पण झोपडीला माजघरच नव्हतं. दादा फर्ग्युसनमध्ये शिकत होता. त्याच्या वर्गातला एक देशस्थ मुलगा शेजारच्या झोपडीत वडिलांबरोबर राहत असे. त्याची आई तो तान्हा असतानाच गेली होती, घरात बाईमाणूस कुणी नाही. संध्याकाळी कंदिलापाशी बसून दोघे मोठ्याने वाचत आणि मी तांदूळ निवडता निवडता ऐके. मधेच थांबून तो मला विचारी, "कळलं का?" मला तोवर असं कुणी विचारलंच नव्हतं. ऐकलंस का, झालं का, वाढलंस का, हेच सगळे विचारत. तेवढ्यावरच मी त्याच्यात गुंतले.

आणि त्याच झोपडीत मला न्हाण आलं.

लग्न झालेल्या मुलीला न्हाण आलं की मखरात बसवून साखर वाटायची, आणि बिनलग्नाच्या मुलीला आलं की आईबापांनी तोंड लपवायचं, अशी तेव्हाची रीत. आईने ते कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं. पण मला चुलीजवळ येऊ देणं तिच्याच्याने होईना. मग तिनं सांगायला सुरुवात केली की, पोरीनं प्लेगवरची हाफकिनची लस टोचून घेतली आहे, अंगात कसर आहे, म्हणून बाहेर आंब्याखाली पडली आहे. लस टोचली की ताप येतो हे सर्वांना माहीत होतं, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. आंब्याखाली घोंगडी, माझं वेगळं ताट, वेगळा तांब्या. पाणी वरून ओतायचं. माझी आई, जिच्या कुशीत मी कालपर्यंत झोपत होते, तिनं माझ्या केसांना तेल लावायचंसुद्धा थांबवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो हरिभाऊ आपट्यांचं 'पण लक्षात कोण घेतो?' घेऊन आला. मी म्हटलं, तिथं खाली ठेवा. तो म्हणाला, "खाली का? घे ना." मी हात पुढे केला नाही, तेव्हा त्याने वाकून माझा हात धरला, पुस्तक हातात दिलं आणि माझं मनगट धरून तसाच थांबला. फार वेळ नाही. पण तीन दिवसांत मला शिवलेलं ते पहिलं माणूस होतं. घरचे सगळे लांबून जात होते आणि परक्याचा मुलगा माझा हात धरून उभा होता. भीतीने माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि तरी त्याने हात सोडू नये असंच वाटत होतं.

आत्याने ते पाहिलं. सोवळी, नवव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली आमची आत्या तिथूनच ओरडली, "शिवलास की रे तिला! जा आधी नदीवर, आंघोळ केल्याशिवाय झोपडीत पाऊल टाकू नकोस!" आजूबाजूच्या झोपड्यांतून बायका बाहेर आल्या. लशीचा ताप आलेल्या मुलीला शिवलं म्हणून कुणी आंघोळीला पिटाळत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. आई मटकन खाली बसली. आणि तो? तो माझ्याकडे बघून, अवाक्षर न बोलता, मुठेवर गेला आणि ओल्या केसांनी परत आला. पुढे कधी आंब्याकडे फिरकला नाही.

मार्गशीर्षात माझं लग्न झालं. सोलापूरचे रेल्वेतले कारकून, बिजवर. देशस्थाचं स्थळ कोकणस्थाच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं, आणि मला तर कुणी विचारलंच नाही. 1929 साली शारदा कायदा झाला तेव्हा आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. मी हिशेब केला. त्या कायद्याने लग्नाला मुलीला चौदा वर्षं पुरी हवी होती. माझी लग्नाच्या वेळी झालेली होती. म्हणजे तो कायदा आधी असता तरी माझ्या लग्नाला आडवा आला नसता. कायदे वय मोजतात, तिला हवंय का हे विचारत नाहीत. मुलींच्या आयांना माझं सांगणं आहे, वय नंतर मोजा, आधी तिला विचारा. आमचे हे मात्र चांगले होते, त्यांनी मला इंग्रजी शिकू दिलं, कधी आवाज चढवला नाही. त्यांच्याबरोबरचा संसार मला नकोसा झाला असं मी कधीच म्हणणार नाही.

आत्याचंही एक सांगितलं पाहिजे. ते पुस्तक तिनं परत करू दिलं नाही. लग्नाआधी रोज रात्री सगळे निजले की माझ्याकडून वाचून घेई. पुस्तकातल्या यमूचं केशवपन करतात तिथं आले तेव्हा ती उठून गेली. दुसऱ्या रात्री येऊन म्हणाली, "तिथूनच पुढे वाच." जिनं मला चारचौघांत उघडं पाडलं तिचा मी द्वेष करायला हवा होता. त्या रात्रीनंतर मला तो जमला नाही.

मग सगळा राग उरला त्याच्या त्या आंघोळीवर. मध्यंतरी पुण्याला एका लग्नात तो भेटला. म्हातारा, हातात काठी. माझ्या तब्येतीची चौकशी करता करता म्हणाला, "तेव्हा तुझं काही खरं नाही असंच धरून चाललो होतो आम्ही." मला कळेना. तो म्हणाला, लशीचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो, तुझा तिसऱ्या दिवशीही उतरला नव्हता, म्हणून ताप आहे का ते मी मनगट धरून पाहिलं. आत्याबाई ओरडल्या तेव्हा खात्रीच पटली की तुला गाठ आली आहे.

प्लेग झालाय असं मनात असताना या माणसाने माझा हात धरला होता! माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी त्याला खरं काय ते सांगितलं. इतक्या वर्षांनी लाज कसली? आणि विचारलं, "विटाळ आहे हे ठाऊक असतं, तर धरला असता हात?"

त्याने बराच विचार केला. "नसता धरला," म्हणाला. "त्या वयात नाही."

खरंच बोलला तो. खोटं बोलला असता तरी मला चाललं असतं.