वालधुनीचा रंग

अंबरनाथचे शिवमंदिर चार रंगांत छापायचे, तर प्रत्येक रंगासाठी वेगळा लाकडी ठसा कोरावा लागतो. हे चारही रंग जुळावेत म्हणून जपानी छापकार ठशाच्या कोपऱ्यात काटकोनी खाच ठेवीत व कागद दर वेळी तिथेच टेकवीत. १७६५च्या सुमाराची सुझुकी हारुनोबूची बहुरंगी चित्रे अशीच छापली गेली. बदलापूरच्या पावसाळ्यात मात्र खाच अचूक असूनही कागद फुगतो आणि तिसरा रंग खांबाबाहेर डोकावतो. त्यामुळे कागद आधीच ओलसर करून चारही रंग एकाच बैठकीत घेणे इष्ट.

शके ९८२मधल्या (इ. स. १०६०) या मंदिराचा काळा दगड नुसत्या काळ्या शाईत निर्जीव दिसतो. निळ्यावर विटकरी चढवला की त्यात जीव येतो, हे आठव्या छापेला उमगले.

प्रश्न उरला मंदिरालगतच्या वालधुनीचा. कारखान्यांचे सांडपाणी, पुढे उल्हासनगरात जीन्सच्या रंगाचे पाणी. या नदीला स्वतःचा रंग कुठे उरू दिला आहे? राखाडी करून पाहिली, हिरवट करून पाहिली. हिरवट फारच सुंदर दिसली, म्हणून ती छाप बाजूला ठेवली. अखेर चारही ठशांवरून नदी कोरून काढली. तिथे कागद कोराच राहिला.

पाहणारे विचारतात, हा रस्ता का?