चाल

मराठी भाषेत 'चाल' हा मोठा हरहुन्नरी शब्द आहे. गाण्याला चाल असते. माणसालाही चाल असते. दुरून येणाऱ्याचे तोंड दिसण्याआधी आपण त्याला त्याच्या चालीवरून ओळखतो. आणि फौज शत्रूवर निघते तेव्हा तीही चालच करून जाते. एका शब्दाच्या ओसरीवर गवई, वाटसरू आणि शिपाई असे तिघेजण शेजारी शेजारी बसलेले पाहिले, की मला नेहमी एक गृहस्थ आठवतात. हे तिघेही त्यांच्या एकट्याच्या ठायी नांदत होते. त्यांचे नाव कॅप्टन राम सिंह ठाकुरी.

हे नाव वाचून आपण जरा थबकला असाल. त्यात आपले काही चुकले असे नाही. नाव ठाऊक नसले तरी त्यांची चाल आपल्याला पक्की ठाऊक आहे. शाळेच्या प्रभातफेरीत आपण ती तारस्वरात म्हटली आहे, प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात ती ऐकली आहे, आणि एखाद्या हौशी बँडवाल्याने ती वरातीतही वाजवलेली आपण ऐकली असेल. 'कदम कदम बढाये जा' हे गाणे ज्याच्या कानावरून कधी गेलेच नाही, असा माणूस शोधायला दिवा घेऊन हिंडावे लागेल. त्याचे शब्द अवधीचे कवी वंशीधर शुक्ल यांचे, आणि चाल राम सिंहांची.

आपल्या महाराष्ट्राला वीररसाचे वावडे नाही. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासाने रचला, सिंहगडाचा तुळशीदासाने. परंतु शाहीर बहुधा लढाई आटोपल्यावर येतो. रणावरची धूळ खाली बसली, मेलेल्यांची मोजदाद झाली, की मग त्याच्या डफावर थाप पडते. राम सिंहांचे काम याच्या नेमके उलट होते. त्यांचे गाणे लढाईच्या आधी जाणारे. अजून काही घडलेले नाही, कोण परत येणार याचा कुणाला पत्ता नाही, अशा वेळी माणसाचा पाय उचलायला लावायचा, हे त्या गाण्याचे काम. गेलेल्यांचे गुणगान करणे सोपे आहे. जाणाऱ्यांसाठी गाणे करणे अवघड.

ते मूळचे शिपाईच. १५ ऑगस्ट १९१४ रोजी धरमशाळेजवळच्या खनियारा गावी एका गुरखा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मिसरूड फुटण्याआधीच ते गुरखा पलटणीच्या बँडमध्ये शिरले. डोंगरातली लोकगीते घरची, आणि पाश्चात्त्य वाद्ये व लिहिलेले सूर पलटणीचे, अशी दुहेरी शिदोरी त्यांना मिळाली. पलटणीतला वादक म्हणजे नुसता समारंभाचा धनी नव्हे. लढाई पेटली की त्याच्या हातातले वाद्य जाते आणि जखमींना वाहून नेणारी डोली येते, अशी त्या सैन्याची जुनी रीत. ज्याने सकाळी सूर लावला त्यानेच संध्याकाळी रक्ताळलेला माणूस खांद्यावर घ्यायचा. अशा शाळेत शिकलेला संगीतकार युद्धाची गाणी करतो तेव्हा त्याला युद्ध म्हणजे काय हे कुणी सांगावे लागत नाही.

१९४१ साली त्यांची पलटण मलायात गेली. पुढच्याच वर्षी, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, सिंगापूर पडले आणि हजारो हिंदी शिपाई जपान्यांचे कैदी झाले. त्यांतूनच आझाद हिंद फौज उभी राहिली. १९४३ च्या जुलैत सुभाषबाबू सिंगापूरला आले आणि फौजेत नवे वारे शिरले. या फौजेच्या सरसेनानींच्या हाताखालचे एक प्रमुख अधिकारी, जनरल जगन्नाथराव भोसले, हे आपल्या सावंतवाडीकडचे. नेताजींनी राम सिंहांमधला वादक हेरला. त्यांनी त्यांना एक व्हायोलिन भेट दिले. ते वाद्य राम सिंहांनी पुढे जन्मभर जपले. त्याच दिवसांत ही चाल जन्मली. आझाद हिंद सरकारच्या 'शुभ सुख चैन' या कौमी तराण्यालाही त्यांनीच बँडचा साज चढवला.

कवायतीच्या गाण्याचे शास्त्र फार मजेदार असते. तेज चालीत शिपाई मिनिटाला सुमारे १२० पावले टाकतो. म्हणजे गाण्याला सेकंदाला दोन ठोके हवेत. कमी झाले तर पाय रेंगाळतात, वाढले तर दम लागतो. ताना, मुरक्या, हरकती यांना तिथे मज्जाव. मैफलीतले गाणे डोक्यात शिरते, हे आधी टाचेत शिरायला हवे. शिवाय ते बेसूर गळ्यालाही पेलले पाहिजे, कारण फौजेत भीमसेन फार थोडे असतात! राम सिंहांची चाल या सगळ्या कसोट्यांना उतरली. पंजाबी, तमिळ, गढवाली, मराठी अशा नाना बोलींच्या माणसांना तिने एका पावलावर आणले.

आता घरची गोष्ट सांगतो. माझे वडील, आबा, सातारा जिल्ह्यातले. मराठा पलटणीत हवालदार होते. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाक येथे जी घनघोर झुंज झाली, तिच्यात ते होते. समोर जपानी होते. पण त्या जपान्यांच्या बरोबरीने त्याच सरहद्दीवर आझाद हिंद फौजही येत होती. म्हणजे ज्या वेळी राम सिंहांची चाल ऐकत काही हिंदी शिपाई इंफाळच्या दिशेने निघाले होते, त्या वेळी माझा बाप त्यांची वाट अडवून मोर्चात बसला होता. दोघेही शेतकऱ्यांची पोरे. दोघांनीही मीठ खाऊन शपथ घेतली होती. फक्त शपथा दोन होत्या.

स्वातंत्र्यानंतर गावात या गोष्टीची बोच राहिली. आझाद हिंदवाल्यांचा जयजयकार होई, आणि आबांचे 'बर्मा स्टार' पदक ट्रंकेच्या तळाशी पिवळ्या कागदात गुंडाळून पडे. एकदा एका पुढाऱ्याने भर सभेत "इंग्रजांचे भाडोत्री" असा शब्द वापरला. आबा उठले नाहीत, बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी बैलांना वैरण टाकली आणि न जेवता निजले. आईने त्या दिवशी आम्हा पोरांना ओरडायलाही बंदी केली होती.

त्यानंतर लवकरच १५ ऑगस्ट आला. आमचे मास्तर अंगणासमोरच्या पटांगणात 'कदम कदम' बसवून घेत होते. आम्ही पोरे कशीही पाय आपटत होतो. आबा ओट्यावर दोरी वळत बसले होते. आईने मला हळूच खूण केली, की इथे नको, पलीकडे जा. इतक्यात आबा उठून आले. मला वाटले, आता काही खरे नाही. ते मास्तरांना म्हणाले,

"गुर्जी, जरा थांबा. डावा पाय आधी. ठोका डाव्यावर पडला पाहिजे. आन् मान वर. या गाण्याला मान खाली चालत न्हाई."

मग त्यांनी स्वतः डावा-उजवा म्हणत आम्हाला पटांगणाभोवती चार फेऱ्या मारायला लावल्या. रात्री मी धीर करून विचारले, "आबा, हे त्यांचं गाणं ना?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्यांचं आसंल. पाय आपलंच हैत की." यावर ते पुन्हा कधी काही बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही. एका चालीने माझ्या घरातला एवढा मोठा तंटा मिटवला, हे मी विसरू शकत नाही.

राम सिंहांच्या वाट्याला मात्र असे सोपे समाधान आले नाही. १९४५ साली रंगून पडल्यावर त्यांना हिंदुस्थानात आणून दिल्लीच्या काबूल लाइन्समध्ये कैदेत ठेवले. लाल किल्ल्यातल्या खटल्याने देश पेटला होता, आणि त्या वातावरणात पुढे या कैद्यांची सुटका झाली. गांधीजींसमोर राम सिंह व्हायोलिन वाजवीत आहेत, असे त्या काळातले एक छायाचित्र आहे. १९४७ च्या ऑगस्टात लाल किल्ल्यावर त्यांच्या वाद्यवृंदाचे सूर उमटले. योग असा, की देशाचा स्वातंत्र्यदिन आणि त्यांचा वाढदिवस एकच निघाला.

पण स्वतंत्र भारताने आझाद हिंदच्या शिपायांना सैन्यात परत घेतले नाही. शपथ मोडलेल्याला पुन्हा पलटणीत घेतले तर शिस्तीचे काय, असा तो विचार. त्या विचारालाही त्याची बाजू आहे, हे हवालदाराचा मुलगा म्हणून मी जाणतो. राम सिंह १९४८ साली उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलिसांच्या बँडमध्ये रुजू झाले, आणि तिथूनच १९७४ साली निवृत्त झाले. लष्कराने त्यांची चाल मात्र घेतली. ती आज सैन्याची आवडती संचलनधून आहे. चाल पलटणीत गेली, चालीचा धनी बाहेर राहिला! सिनेमानेही ती घेतली; १९५० च्या 'समाधी' चित्रपटात आपल्या चितळकर रामचंद्रांनी हे गाणे म्हटले.

'जन गण मन' ची चाल राम सिंहांचीच, असेही काही लोक हिरिरीने सांगतात. तसे म्हणण्याचे कारण नाही. ते गीत १९११ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये गायिले गेले, आणि चाल रवींद्रनाथांची. दुसऱ्याचा दागिना घातल्याशिवाय ज्याला शोभा येत नाही, अशांपैकी राम सिंह नव्हते. त्यांचे स्वतःचे एवढे आहे, की तेवढेच आपल्याकडून अजून फिटलेले नाही.

१५ एप्रिल २००२ रोजी लखनौला त्यांचे निधन झाले. पुढे २०१९ च्या प्रजासत्ताकदिनी, आझाद हिंदचे चार नव्वदी ओलांडलेले सैनिक राजपथावरच्या संचलनात पहिल्यांदाच सामील झाले. आबा तेव्हा हयात नव्हते. असते तर टीव्हीसमोर ताठ बसून त्यांनी बँडचा ठोका डाव्या पायावर पडतो की नाही, एवढेच पाहिले असते.

आता दिवाळी आहे. अंगणात किल्ले उठतील, मातीचे मावळे चढतील, तोफा, भालदार, सिंहासनावरचे महाराज, सगळे येतील. मुलांना एवढेच सांगा, की दरवाजाजवळ एक वाजवणाराही ठेवा. त्याच्या हाती तलवार नसली तरी चालेल. सारी फौज चालते ती त्याच्या चालीवर.