रंगीत ‘रामराज्य’

आईच्या वर्षश्राद्धानंतर रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरी तिची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा लुगड्यांच्या घड्यांतून वाळ्याचा मंद गंध आला आणि त्यामागोमाग हाती लागली ‘रामराज्य’च्या गाण्यांची जीर्ण पुस्तिका. ती होती 1943 च्या चित्रपटाची. आई आम्हां भावंडांना घेऊन गेली तो ‘रामराज्य’ मात्र 1967 चा, रंगीत.

तो रायपुरास लागला तेव्हा मी दहा वर्षांची होते. वडील तहसील कचेरीत कारकून. महिनाअखेरीस चित्रपटाचा खर्च त्यांना मंजूर नसे, परंतु या चित्रपटासाठी आईने आपल्या साठवणीतले पैसे काढले. पडद्यावर प्रभू प्रकटताच पुढच्या रांगांतून नाणी उधळली गेली. आणि शेवटी भूमी दुभंगून सीता तिच्या उदरात गेली, सारे चित्रगृह हुंदके देऊ लागले, त्या क्षणी आई मात्र पदर डोळ्यांना न लावता, मांडीवरच्या रिकाम्या डब्याचे झाकण पुन:पुन्हा दाबून बसवीत होती. परतताना बूढ़ा तालाबाच्या काठी ती एवढेच म्हणाली, “ही ती नव्हे.”

दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक एकच, विजय भट्ट. चोवीस वर्षांनी त्यांनी स्वत:चीच कृती पुन्हा उभारली. प्रेम अदीब आणि शोभना समर्थ यांच्या जागी कुमार सेन आणि बीना राय आले. वसंत देसाई यांच्या संगीताबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती रंगांबद्दल, आणि ती मी आजही मागे घेणार नाही. पुढे दूरदर्शनवर जुना चित्रपट पाहिला, तेव्हा शंकरराव व्यासांच्या चालीवर सरस्वतीबाई राणे यांनी गायिलेले वीणेचे गीत ऐकता ऐकता कळले की कृष्णधवल छायेत सीतेच्या मुखावरचे जे दु:ख आपोआप गहिरे होत होते, ते मुकुटांच्या सोनेरी झगमगाटात आणि वल्कलांच्या भगव्या उठावात कोठे उरलेच नव्हते. शोभनाबाईंची सीता लोकांनी दिनदर्शिकांवर छापून घरोघरी पुजली. आमच्याही देवघराशेजारी ती होती. जून 1944 मध्ये गांधीजींनी जुहूला तो चित्रपट पाहिला, ही गोष्ट आई जणू आपल्याच घरची म्हणून सांगे.

येथे भोसल्यांचे दप्तर उघडण्याचे प्रयोजन नाही, तरी उघडते. नागपूरकरांचा अंमल या मुलखावर बसला, 1854 मध्ये ते राज्य खालसाही झाले. पण त्या दरम्यान बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरच्या टेकडीवर रामाचे देऊळ बांधविले, आणि ती टेकडी रामटेकडी म्हणून ओळखली जाऊ लागली. दूर राहिलेल्या रामटेकची ती प्रतिकृती असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे. तिला मी कधी उणी म्हटले नाही.

मग भट्टांच्या रंगीत चित्रपटालाच का म्हणावे? पुस्तिकेच्या मलपृष्ठावर पेन्सिलीने, बालबोध अक्षरांत लिहिले आहे: “आईबरोबर, नागपूर.” त्या वेळी आई तेरा वर्षांची होती, आणि पुढल्या पावसाळ्यात आजी गेली. नागपूरच्या महाल भागातले ते माहेर मग भाऊबंदांत वाटले गेले. तिकडून येणारी पत्रे आधी आखडली, मग थांबली. सीतेला निदान भूमीने पोटात घेतले. रंगीत ‘रामराज्य’ पाहिला त्या रात्री आई नेमके कोणाला शोधीत होती, हे विचारण्याची बुद्धी मला झाली नाही.

रायपुराहून तुरतुरियाला गेले की तेथील लोक वाल्मीकींचा आश्रम दाखवितात, लवकुशांचे जन्मस्थान सांगतात. छत्तीसगढ हे कौसल्येचे माहेर, म्हणून राम येथे भाचा. आणि भाचा देवासमान, म्हणून शेजारचे पांढऱ्या मिशांचे मामा आपल्या शाळकरी भाच्याच्या पाया पडत, ते आई ओट्यावरून कौतुकाने पाहत राही. उभे आयुष्य या गावात काढूनही ती ‘आमच्या नागपुरास’ असेच म्हणे. मला मात्र रायपूर हेच माहेर, आणि आता ते घर विकावयाचे ठरले आहे.

पुस्तिका मी माझ्याकडे ठेवली. परवा तिला घेऊनच चंदखुरीला गेले. तळ्याच्या मधोमध तेथे कौसल्येचे देऊळ आहे, आणि गाभाऱ्यात ती बालरामाला मांडीवर घेऊन बसली आहे.