चेकनट

आमचा ट्रक विकायचं ठरलं तेव्हा अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ट्रकच्या गिअरचा नॉब सैल झाला होता. यातली पहिली गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायची गरज नव्हती. दुसरी सांगावी की नाही, यावरून आम्हा बापलेकांत जे झालं ते लिहितो आहे.

ट्रक सहाचाकी, २००७ साली जुनाच घेतलेला. त्यातून अब्बांनी मुख्यतः जांभ्या दगडाचे चिरे वाहिले. पावसाळ्यात चिरेखाणी पाण्याने भरतात, काम बंद; मग उरलेल्या सात-आठ महिन्यांत वर्षाचं कमवायचं. देवबागात पर्यटकांसाठी खोल्या बांधायची लाट आली तेव्हा आमचे चांगले दिवस आले. देवबाग पाहिलेल्यांना ठाऊक आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. रस्ता तसाच अरुंद. समोरून पर्यटकांची गाडी आली की भरलेला ट्रक मागे घ्यावा लागे, कारण त्यांना मागे घेता येत नसे. अब्बा म्हणायचे, देवबागात पुढे कमी आणि मागेच जास्त चाललोय. माझी डी.एड.ची, नंतर बी.एड.ची फी या मागेपुढे करण्यातूनच निघाली. आज मी उर्दू शाळेत शिकवतो आणि मला ट्रक चालवता येत नाही. तो येऊ नये ही अब्बांचीच इच्छा.

नॉब म्हणजे गिअरच्या दांड्यावरचा गोळा. दांड्याच्या टोकाला आटे असतात, नॉबच्या पोटात पितळी बूश असतो आणि त्यालाही आटे. गोळा फिरवून बसवायचा. पण नुसता गोळा टिकत नाही. दांडा दिवसभर थरथरतो, ड्रायव्हरचा डावा हात सवयीने त्यावर विसावलेला असतो, आणि गोळा हळूहळू उलटा फिरत वर येतो. म्हणून त्याच्याखाली आधी एक पातळ नट चढवतात, चेकनट. गोळा हवा तसा बसला की नट खालून वर आणून त्याला घट्ट भिडवायचा. मग दोघे एकमेकांना अडवून धरतात.

आमच्या ट्रकचा हा चेकनट कधी गळून पडला कोणास ठाऊक. २०११ च्या मे महिन्यात, मी बी.एड.च्या प्रवेशाच्या खटपटीत असताना, अब्बा कोल्हापूरहून कांदा भरून फोंडा घाट उतरत होते. घाटात ड्रायव्हर ब्रेकवर विसंबत नाही, खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी आवरतो. तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना नॉब सुटून हातात आला. गाडी न्यूट्रलमध्ये, मागे कांद्याचं वजन, पुढे वळण. अब्बांनी नॉब फेकला आणि उघडा दांडा मुठीत धरून दुसरा गिअर टाकला. तळहातावर आट्यांचे वळ उठले. घरी आल्यावर अम्मीला सांगितलं, पत्रा लागला.

त्यानंतर नवा चेकनट लावला असेल असं वाटेल. नाही लावला. आट्यांवर प्लॅस्टिकच्या पिशवीची पट्टी गुंडाळली, वर नॉब पिळला. पट्टी झिजली की नवी पट्टी. अकरा वर्षं हेच.

२०२२ च्या ऑक्टोबरअखेर देवबागच्याच एकाशी सौदा ठरला, १,८०,००० रुपयांना. आदल्या रात्री मी टॉर्च घेऊन ट्रकमध्ये चढलो. पट्टी काढली, आटे पुसले आणि दोन नळ्यांचा घट्ट होणारा गोंद कालवून नॉब बसवला. सकाळी हलवून पाहिला तर दगडासारखा. आयुष्यात पहिल्यांदा ट्रकचं काही दुरुस्त केलं म्हणून मी खूश होतो.

शेजारच्या ड्रायव्हरने ट्रक देवबागात नेला. गिऱ्हाईक टायर बघत होता. अब्बा शेवटचं म्हणून स्टिअरिंगवर बसले, डावा हात नॉबवर ठेवला आणि थांबले. डोळ्यांना दिसत नव्हतं, हाताला कळलं.

"ह्यो कोणी चिकटवल्यान?"

मी गप्प. त्यांनी खिडकीतून गिऱ्हाइकाला हाक मारली. "ह्या बघ, नॉबाचे आटे गेले हत. पोरान काल चिकटवल्यान. नवो घालून देतंय."

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "चाचा, आणि खय खय चिकटवलास?"

मग त्याने बॉनेट उघडायला लावलं, खाली झोपून पाटे पाहिले, गिअरबॉक्सची तेलगळती पाहिली, जी सगळ्याच जुन्या ट्रकांना असते. तासाभराने तो १,७०,००० वर आला आणि तिथून हलला नाही. दहा हजार गेले. ते पैसे मी मनात कुठे लावले होते ते मला माहीत होतं. अब्बांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षावर गेलं.

मी संतापलो. त्यांना बाजूला, माडाखाली नेऊन म्हणालो, तुम्ही स्वतः अकरा वर्षं पिशवीची पट्टी गुंडाळून चालवलात, तेव्हा कुठे होता हा खरेपणा? ते म्हणाले, पट्टी सैल झाली की माझ्या हाताला कळत होतं. त्याच्या हाताला काय कळणार? तो घट्ट समजून घाट उतरेल.

पैगंबरसाहेबांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि व्यापाऱ्याला विचारलं की ही वर का नाही ठेवलीस, हा प्रसंग मी पाचवीच्या मुलांना दरवर्षी सांगतो. रंगवून सांगतो. त्या दिवशी तो मला आठवलाही नाही. आठवला तो चार दिवसांनी, वर्गात सांगताना. मधेच थांबलो तर मुलांना वाटलं, सर विसरले.

गिऱ्हाइकाच्या भावाच्या मोटरसायकलवरून मी मालवणच्या बाजारात गेलो, नॉब आणि चेकनट आणला. दोन्ही मिळून दीडशेच्या आत. चिकटवलेला नॉब निघेना, हातोडीने फोडावा लागला. दांड्याचे आटे शाबूत होते, झिजलं होतं ते नॉबमधलं पितळ. आट्यांत बसलेला गोंद अब्बांनी तारेच्या ब्रशने घासून काढायला लावला, कण न् कण. आधी नट खालपर्यंत उतरवला, मग नॉब चढवला. घट्ट होईपर्यंत फिरवला तर डोक्यावरचा गिअरचा नकाशा आडवा झाला. मी म्हटलं, राहू दे. ते म्हणाले, नव्या माणसाला रिव्हर्स कुठे ते त्यातूनच कळतं. पाव फेरा मागे घेतला, नकाशा ड्रायव्हरसमोर सरळ आला, अब्बांनी नॉब तसाच धरून ठेवला आणि मी पान्याने नट खालून वर आवळला.

गिऱ्हाइकाने पैसे मोजून दिले. ट्रक रिव्हर्समध्ये त्याच्या वाडीत शिरला. एका झटक्यात गेला.

आम्ही एस.टी.ने परत निघालो. अब्बा खिडकीकडे बसले होते, समुद्राच्या बाजूला.

"चेकनटाक पानो नीट मारलंस मा?"

मी हो म्हटलं. तारकर्ली येईपर्यंत त्यांनी आणखी दोनदा विचारलं.