खड्डा माझ्याही कॉम्प्युटरमध्ये होता

मंडळी, आधी माफी मागतो. घोडबंदर रोडवरच्या खड्ड्यांची तक्रार फोटोसकट नोंदवता येईल असं पान आपल्या न्यूज साइटवर टाकतो, असं पावसाळ्याच्या तोंडावर इथेच लिहिलं होतं. पान आलं नाही. का, ते सांगतो.

साइटचा कोड मी गिटमध्ये ठेवतो. लिनस टॉरवाल्ड्सने 2005 साली बनवलेलं हे साधन. चालू साइटला धक्का न लावता नवं काम वेगळ्या ब्रँचवर करता येतं. पान अर्धं झालं होतं, आणि एका संध्याकाळी गायमुख घाटात गाड्या अडकलेल्या असताना मोबाइलवर साइटच उघडेना. दुरुस्तीसाठी मूळ ब्रँचवर जायला लागलो तर गिटने अडवलं: तुमचे अर्धवट बदल पुसले जातील, आधी कमिट करा किंवा स्टॅश करा. घाईघाईत स्टॅश केलं, साइट चालू केली आणि पुढच्या बातमीला लागलो.

परवा भाचीने स्टॅशची यादी काढली. चार नोंदी, एकीलाही मी नाव दिलेलं नाही. "मामा, यात काय आहे ते तुला तरी कळतंय का?" नव्हतं कळत. शोधून पान काढलं, तर फॉर्मची फाइलच नाही. फाइल नवी असेल, गिटमध्ये कधी नोंदलेली नसेल, तर साधा स्टॅश ती उचलत नाही; तसं वेगळं सांगावं लागतं. ती फोल्डरमध्येच पडून होती आणि मधे कधीतरी मीच फालतू समजून उडवली.

भाचीचा हिशोब सोपा आहे. पाच-दहा मिनिटांसाठी जायचं असेल तर स्टॅश, तोही नाव देऊन. जास्त वेळ लागणार असेल तर 'अर्धवट' असं लिहून त्याच ब्रँचवर कमिट. दोन्ही कामं एकदम हवीत तर वर्कट्री, म्हणजे दुसरी ब्रँच दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडायची.

आता आपला रस्ता बघा. कापूरबावडी ते गायमुख मेट्रोचं काम, सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घ्यायचं काम, मधे केबल आणि पाण्याच्या लाइनी. एक चर अर्धा सोडून माणसं दुसरीकडे जातात. पाटी नाही, तारीख नाही. आणि 'आधी हे आवरा' म्हणून अडवणारं गिटसारखं कुणी नाही. माझी फाइल गेली, ती परत लिहिता येईल. रात्री त्या चरात दुचाकी गेली तर काय परत लिहिणार?

मागणी एवढीच: काम अर्धं सोडताना तिथे पाटी लावा. काय झालं, काय राहिलं, कोण आणि कधी पुरं करणार, फोन नंबर.

माझी पाटी ही घ्या. पान झालंय, फॉर्म राहिलाय, मीच करणार, रविवारी रात्रीपर्यंत. तोवर फोटो मेसेजमध्ये पाठवा. सोबत जवळचा मेट्रोचा खांब नंबर लिहा, म्हणजे जागा नेमकी सापडते.